जुन्या फियाटचा गडगडाट

परळला के. ई. एम., टाटा आणि वाडिया हीं रुग्णालयें जवळजवळच आहेत. रुग्णालयाभोंवतींचा शंभर मीटरांचा परिसर नियमानें शांतता-क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो. तेथून एखादी जुनी फियाट गर्जत गेली म्हणजे खाटेवरील रोगी दचकतो. परंतु त्या आवाजाचें भय गाडींत बसलेल्यांनींहि बाळगावें, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. ताडदेवला २००३ सालीं नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षें भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. हौशी लोकांनीं जपलेल्या खाजगी गाड्या तेवढ्या उरल्या.

तिच्या इंजिनास चार सिलिंडर. मिनिटास तीन हजार फेरे झाले तर सेकंदास शंभर स्फोट होतात, आणि प्रत्येक स्फोटानंतर झडप उघडतांच तप्त वायु दाबानें बाहेर झेपावतो. सायलेन्सरच्या पेटींत त्यास पसरावयास जागा मिळते. आंतील पडदे व सच्छिद्र नळ्या यांमुळें ध्वनिलहरी उलट फिरून परस्परांस मारतात.

पेटी कुजते ती बहुधा आंतून. एक लिटर पेट्रोल जळलें कीं जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें निघतें. लालबाग ते दादर एवढ्याशा फेरींत पेटी पुरी तापत नाहीं. पाणी आंतच राहून पत्रा खातें.

आवाज वाढला कीं कित्येक जण मागच्या नळींतच कांहींतरी कोंबतात. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! आधीं फट शोधावी. मोकळ्या जागीं गार इंजिन सुरू करून दुसऱ्यानें जाड ओल्या फडक्यानें नळीचें तोंड क्षणभर दाबावें. जेथें फुसफुस ऐकूं येईल तेथें फट. इंजिनापाशीं टकटक होऊन तापल्यावर ती मंदावली, तर बहुधा गॅस्केट गेलेलें असतें. पेटी हलवितां आंत खडखडली, तर ठिगळ व्यर्थ; नवीच घ्यावी. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारांत ती घेतांना नळीचा व्यास मूळचाच असूं द्यावा. अरुंद नळीनें आवाज उतरेल, पण इंजिनाचा श्वास कोंडेल.

पुढच्या बाजूची फट अधिक घातक. तींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. गंजलेल्या तळांतून तो आंत शिरतो आणि रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. डोकें जड होतें, मळमळतें, आणि ‘गाडी लागली’ म्हणून माणसें तिकडे दुर्लक्ष करतात. अशी गाडी दुरुस्त होईतों चालवूं नये. मिस्त्रीकडे न्यावीच लागली तर सर्व खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि बंद गॅरेजांत तिचें इंजिन क्षणभरहि सुरू ठेवूं नये.