चूक दाखवा, बक्षीस घ्या!

विद्यार्थी मित्रांनो, पाठ्यपुस्तकात छपाईची चूक सापडली तर तुम्ही काय करता? फार तर शेजारच्या मित्राला दाखवता, थोडे हसता आणि विसरून जाता. पण एका लेखकाने जाहीरच करून टाकले की, माझ्या पुस्तकातील चूक जो प्रथम दाखवील त्याला मी बक्षीस देईन. रक्कमही मोठी गमतीची : २ डॉलर ५६ सेंट!

या लेखकाचे नाव डोनल्ड क्नूथ. संगणकशास्त्रातील फार मोठे नाव! संगणकात पारंगत व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने त्यांची हकिकत जरूर ऐकावी.

क्नूथ यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील मिलवॉकी या गावी झाला. आठवीत असताना त्यांनी एका चॉकलेट कंपनीच्या स्पर्धेत भाग घेतला. ‘झिग्लर्स जायंट बार’ या नावातील अक्षरे वापरून जास्तीत जास्त शब्द तयार करायचे होते. पोट दुखल्याचे निमित्त करून हा मुलगा घरी राहिला आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसला. परीक्षकांच्या यादीत सुमारे २५०० शब्द होते. याने काढले सुमारे ४५००! अर्थात, पोटदुखीचा भाग तेवढा तुम्ही घेऊ नका. घ्यायची ती चिकाटी.

पुढे १९५६ साली क्लीव्हलंड येथील केस इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकायला गेले. तेथे आयबीएम ६५० नावाचा संगणक होता. त्याची स्मृती म्हणजे गरगर फिरणारे एक चुंबकीय पिंप. आज साध्या मोबाइल फोनमध्ये जेवढी माहिती मावते तिच्या तुलनेत त्यात मावणारी माहिती म्हणजे समुद्रापुढे ओंजळ! क्नूथ यांनी यंत्रासोबतची माहितीपुस्तिका वाचली. तिच्यातील नमुन्याच्या आज्ञावली पाहून त्यांना वाटले, ‘यापेक्षा चांगली आज्ञावली तर मीसुद्धा लिहू शकेन!’ आणि ते लिहू लागले. पहिली आज्ञावली संख्येचे मूळ अवयव पाडणारी होती. थोड्याच दिवसांत त्यांनी फुली-गोळ्याचा खेळ खेळणारी आज्ञावलीही लिहिली. त्या यंत्रासोबत घालवलेल्या संध्याकाळी त्यांना इतक्या प्रिय झाल्या की, पुढे आपली ग्रंथमाला त्यांनी त्या संगणकालाच अर्पण केली.

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? संगणक सांगितलेले मुकाट्याने ऐकतो. खरे आहे, पण अडचण तीच आहे! चला, एक प्रयोग करू या. त्यासाठी संगणक नको. कागद, पेन्सिल आणि एक मित्र पुरे.

मित्राने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरावी. तुम्ही एकेक संख्या सांगायची. त्याने ‘मोठी’, ‘लहान’ किंवा ‘बरोबर’ एवढेच म्हणायचे. दर वेळी उरलेल्या संख्यांमधली मधली संख्या सांगा. प्रथम ५०. तो ‘मोठी’ म्हणाला, तर पुढे ७५. अशा रीतीने जास्तीत जास्त ७ प्रयत्नांत उत्तर मिळते. दहा लाख संख्या असल्या तरी २० प्रयत्न पुरतात! या युक्तीला ‘द्विभाजन शोध’ म्हणतात.

आता हीच कृती संगणकाला सांगू. डावे टोक आणि उजवे टोक यांची बेरीज करा, तिची निमपट करा, अपूर्णांक सोडून द्या. ही झाली मधली संख्या. शोधायची संख्या तिच्यापेक्षा मोठी असेल, तर मधली संख्या हेच नवे डावे टोक धरा. ठीक वाटते ना? मग समजा, फक्त ७ आणि ८ उरल्या आहेत व उत्तर ८ आहे. बेरीज १५, निमपट ७. उत्तर मोठे आहे, म्हणून डावे टोक ७. पुन्हा बेरीज १५, पुन्हा ७! माणूस कंटाळून थांबेल. संगणक मात्र घाण्याच्या बैलासारखा फिरतच राहील. डावे टोक मधल्या संख्येच्या पुढच्या संख्येवर न्यायला आपण विसरलो, एवढीच चूक.

ही चूक नवशिक्याचीच असते असे मुळीच नाही. ही युक्ती १९४६ साली छापून आली. पण कितीही लांबीच्या यादीला लागू पडणारी बिनचूक कृती प्रसिद्ध व्हायला १९६० साल उजाडले, अशी नोंद क्नूथ यांनीच केली आहे. गंमत याच्याही पुढे आहे. जावा या संगणकभाषेसोबत मिळणाऱ्या तयार आज्ञावलीत एक चूक सुमारे ९ वर्षे दडून बसली होती. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती सर्वांपुढे मांडली. त्या आज्ञावलीत संख्येसाठी ठेवलेल्या जागेत २१४ कोटींच्या थोडी वरपर्यंतची संख्या मावत होती. डावे टोक ६० कोटी आणि उजवे १६० कोटी असले, तर दोन्ही संख्या जागेत मावतात. पण त्यांची बेरीज २२० कोटी मावत नाही आणि उत्तर चक्क ऋण येते! विशेष म्हणजे ही आज्ञावली ब्लॉक यांनी स्वतःच लिहिली होती. आपली चूक त्यांनी लपवली नाही. उलट इतरांनी आपापल्या आज्ञावली तपासाव्यात म्हणून ती जगाला सांगितली.

क्नूथ यांनीही हेच केले. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना पसंत पडली नाही, म्हणून १९७७ साली त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव ‘टेक’. थोड्या काळात संपेल असे वाटलेले हे काम जवळजवळ दहा वर्षे चालले. या काळात सापडलेली प्रत्येक चूक ते वहीत टिपून ठेवत. १९८९ साली त्यांनी ती यादीच प्रसिद्ध केली. तिच्यात आठशेहून अधिक नोंदी होत्या! चुका कोणत्या प्रकारच्या आणि का झाल्या, याची वर्गवारीही त्यांनी केली. संगणकशास्त्रातील सर्वांत मानाचे ट्युरिंग पारितोषिक १९७४ सालीच मिळालेल्या माणसाने आपल्या चुका अशा उघड्यावर मांडाव्यात, हे केवढे धैर्य!

आता त्या बक्षिसाचे कोडे सोडवू. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून आपले १०० म्हणजे १० गुणिले १०. संगणकाच्या कामात सोळाच्या पटीतही मोजतात. तेथे १०० म्हणजे १६ गुणिले १६, अर्थात २५६. शंभर सेंटचा एक डॉलर होतो. तेव्हा २५६ सेंट म्हणजे ‘सोळाच्या पटीतला’ एक डॉलर! असा धनादेश मिळालेले कित्येकजण तो बँकेत न भरता चौकटीत लावून भिंतीवर टांगत. धनादेशांचा गैरवापर होऊ लागल्यामुळे २००८ सालापासून क्नूथ खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले.

तर मित्रांनो, संगणकात पारंगत होण्याची वाट ही अशी आहे. दुसऱ्याची आज्ञावली बारकाईने वाचा, स्वतः लिहा, कागदावर एकेक पायरी चालवून पाहा, आणि चूक सापडली की नुसती खोडू नका. एका वहीत तारीख घालून ती टिपा आणि ती का झाली तेही लिहा. वर्षअखेरीस ती वही उघडून पाहा. तिच्याएवढा चांगला शिक्षक तुम्हांला कोठेही मिळणार नाही.

आणि हो, द्विभाजन शोधातील ती बेरीज न करता मधली संख्या कशी काढता येईल? डाव्या टोकात दोन टोकांमधील अंतराचे अर्धे मिळवा. वरच्या २२० कोटींच्या उदाहरणावर ही रीत चालते का, ते तुम्हीच पडताळून पाहा. माझ्या शब्दावर विसंबू नका!