झाडूचा दांडा आणि बंद दरवाजा

१९२४ साली, इटलीची प्रदक्षिणा घालणाऱ्या ‘जिरो’ शर्यतीत, वाटेत हँडल मोडले असता त्या जागी झाडूचा दांडा बसवून जिने मुक्काम गाठला असे सांगतात, ती आल्फोन्सिना स्त्रादा मुदतीबाहेर पोहोचली म्हणून स्पर्धेतून बाद झाली खरी. परंतु बिनहिशेबी स्पर्धक म्हणून का होईना, ती मिलानपर्यंत सायकल दामटीत गेली, आणि पुढे त्या शर्यतीत स्त्रियांना मज्जाव झाला. स्त्रियांना या खेळाची मुळी आवडच नाही, हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष मला म्हणूनच पटत नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून सायकली पळवीत होते. स्त्रियांना पहिली शर्यत मिळायला १९८४ साल उजाडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सुरू झालेली स्त्रियांची ‘तूर द फ्रान्स’ शर्यत पुरुषांच्या ‘तूर’च्या छत्राखाली १९८९ पर्यंतच टिकली, ती पुन्हा अवतरली २०२२ मध्ये. प्रक्षेपण नाही म्हणून पुरस्कर्ता नाही, आणि पुरस्कर्ता नाही म्हणून तनखा नाही, अशी ही साखळी असल्यामुळे, अव्वल संघांतील स्त्रियांना वर्षाकाठी १५,००० युरोंचे किमान वेतन २०२० साली बंधनकारक होईपर्यंत, कित्येकींनी नोकरी सांभाळून उरल्या वेळात घाट चढण्याचा सराव केला.