निवासी वैद्यकाचा अर्ज : विशेषण आणि क्रियापद

भोईवाड्यालगतच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९२६) पदवीधरास भारतात निवासी पद मिळते ते मुख्यतः नीट-पीजीच्या गुणानुक्रमाने. तेथे शब्दांना वाव नाही. अमेरिकेत मात्र स्वनिवेदन व शिफारसपत्रे वाचली जातात. तेथील परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुणही जानेवारी २०२२ पासून कळविले जात नाहीत. केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच निकाल मिळतो.

आपल्याकडील शिफारसपत्र बहुधा ‘कष्टाळू, आज्ञाधारक, सद्वर्तनी’ यांवर संपते. ही चारित्र्याच्या दाखल्याची भाषा होय. ती कोणासही लागू पडते. (आज्ञाधारकपणा हा वैद्याचा गुण मानावा काय, हा प्रश्न वेगळाच.) ‘रात्रपाळीत रुग्णाचा उतरता रक्तदाब प्रथम हिने टिपला व वरिष्ठांना उठविले’, हे विधान एकीलाच लागू पडते. म्हणून पत्र मागावे ते ज्याने काम प्रत्यक्ष पाहिले त्याच्याकडे, मग त्याचा हुद्दा लहान का असेना.