पट्टी-करवतीचें पातें कसें ताणावें?

जालना जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंस वखर, तिफण व जूं यांकरितां बाभळीच्या लांकडाची योग्यता सांगावयास नको. हें कठीण लांकूड आरागिरणीच्या पट्टी-करवतीवर चिरतांना पातें सैल असेल तर काप वांकडा जाऊन ओंडका फुकट जातो. फाजील ताणलें तर तें सांध्याशीं तुटून इजा होण्याचें भय असतें. इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालीं या करवतीचें पेटंट घेतलें. तथापि टिकाऊ सांधा साधेपर्यंत तिचा प्रसार झाला नाहीं.

प्रथम वीज तोडावी व हातमोजे घालावे. दांत्यांचीं टोकें खालीं मेजाकडे वळतील असें पातें दोन्ही चाकांवर चढवावें. वरचें चाक स्क्रूनें उचलून ताण द्यावा व हातानें फिरवावें. पातें मध्यावरून ढळल्यास त्या चाकाचा कल बदलावा. लहान यंत्राचें पातें बोटानें मध्यभागीं बेतानें दाबलें असतां सुमारें पाव इंच सरकावें. मोठ्या यंत्रास त्याच्या कारखान्याचें माप प्रमाण मानावें. नंतर बाजूचे आधार-ठोकळे दांत्यांच्या मागें, कागदाच्या जाडीइतकें अंतर राखून बसवावे. पाठीमागील आधार लांकूड चिरतांनाच पात्यास लागावा. झांकणें लावल्यावांचून वीज सोडूं नये.

सायंकाळीं ताण उतरावा. म्हणजे पातें व चाकावरील रबर दोन्ही अधिक टिकतात. सकाळीं पुन्हां ताणण्यास थोडीं मिनिटें लागतात. फुकट गेलेल्या ओंडक्याएवढी बाभूळ वाढण्यास मात्र कित्येक वर्षें लागतात.