लालबागेजवळचे एक उपाहारगृह

बंगळूरला गेलेला प्रवासी लालबाग पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. वाचकहो, आपणही गेलात तर हैदरअलीने आरंभिलेल्या त्या उद्यानापासून जवळच, सकाळीच रांग लागलेले एक उपाहारगृह आपणांस दिसेल. तेच ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’.

उडुपीकडील किनारपट्टीतून पोटापाण्यासाठी आलेल्या मैया बंधूंनी १९२४ साली ते ‘ब्राह्मण कॉफी क्लब’ या नावाने काढले. सध्याचे नाव व जागा १९६० ची. बंधूंपैकी यज्ञनारायण मैया १९५१ मध्ये युरोपात जाऊन आले. तेथील उपाहारगृहांची स्वच्छता त्यांच्या मनात भरली. परतताच त्यांनी भांडी वाफेने निर्जंतुक करण्याची व्यवस्था केली, आणि गिऱ्हाइकाने स्वयंपाकघर स्वतः पाहावे अशी सोय ठेवली. आपल्याकडील किती खानावळवाले हे धाडस करतील?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. तांदळावाचून इडली कशी करावी? येथील मंडळींनी रवा दह्यात भिजविला, फोडणी व काजू घातले आणि ते वाफवून काढले. रवा इडलीचा जन्म येथेच झाला, असे सांगतात. टंचाईतून निघालेली ही युक्ती आज घरोघर आवडीने खाल्ली जाते.

खरी कसोटी पुढे आली. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली आणि सरकारने उपाहारगृहांतील पदार्थांचे दर फार खाली बांधून दिले. सामान्य माणसाला स्वस्त खाणे मिळावे, हा हेतू वाईट नव्हता; पण दर उतरले म्हणून तूप काही स्वस्त होत नाही. मालकांनी पदार्थांचा दर्जा उतरविला नाही. उलट रोजच्या तोट्याचा आकडा ते दारावरील फलकावर लिहू लागले! अखेर उपाहारगृह बंद करावे लागले. मग आचारी व नोकर यांचे काय? त्यांच्या हातांना काम राहावे म्हणून तयार पिठे व मसाले पुड्यांत भरून विकण्यास आरंभ झाला. पुढे हा धंदा एवढा वाढला की, २००७ मध्ये तो नॉर्वेच्या ऑर्कला कंपनीने विकत घेतला. उपाहारगृह, जे मध्यंतरी पुन्हा उघडले होते, ते मात्र कुटुंबाने आपल्याकडेच ठेवले.

१९४१ साली या शहराची वस्ती सुमारे चार लाख होती. २०११ मध्ये ती चौऱ्याऐंशी लाखांवर गेली. लालबागेला २०१७ पासून मेट्रोचे स्थानकही आहे. जायचे झाल्यास भल्या सकाळी जावे. रविवारी मात्र रांगेत बराच वेळ मोडण्याची तयारी असावी.