अजिंठा एक्सप्रेसचं पाणी

हैदराबादेतल्या गौलीगुड्याचं बसस्टँड मुळात रेल्वेच्या खात्याचं. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ माणसांनिशी बससेवा सुरू केली. तिथल्या आजच्या आरटीसीचं, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाचं, मूळ तिथं आहे. स्टँडावरचं पत्र्याचं अवाढव्य छत म्हणजे अमेरिकेहून आणलेलं विमानाचं हँगर. ते जुलै २०१८ मध्ये कोसळलं.

पण मराठवाड्यातला माणूस गौलीगुडा-सुलतान बाजारात पोचला तो मुख्यतः मीटरगेज रेल्वेनं. मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद, हैदराबाद असा हा सव्वासहाशे किलोमीटरचा मार्ग १९०० च्या सुमारास झाला. हैदराबादेतलं काचीगुड्याचं स्टेशन १९१६ चं. कोर्ट-कचेरी, कॉलेज, नोकरी सगळं हैदराबादला. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी तीच. याच मार्गावरची अजिंठा एक्सप्रेस ही १९६७ साली देशातली सर्वांत वेगवान वाफेची मीटरगेज गाडी मानली जाई. वेग किती? सरासरी ताशी ४२.५ किलोमीटर! आज स्कूटरवालाही हसेल.

या गाड्यांची आठवण निघाली की लोक कोळशाबद्दल बोलतात. कोळसा निजामाच्या राज्यातच होता, सिंगरेणीला. खरी अडचण पाण्याची होती. किलोभर कोळशामागे सहा-सात किलो पाणी जाई, आणि मार्ग होता कोरड्या मराठवाड्यातून.

एवढं पाणी जाई कुठं? भट्टीतला जाळ बॉयलरमधल्या शेकडो नळ्यांतून पुढं जातो आणि नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं. वाफ सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्याला एकदा इकडून, एकदा तिकडून ढकलते आणि दांड्यांनी चाकं फिरतात. काम झालेली वाफ मात्र पुन्हा पाणी करून वापरत नाहीत. ती धुराड्याखालच्या अरुंद तोंडातून जोरानं वर सोडतात. तिच्या झोतामागं धूर ओढला जातो, त्याच्यामागं भट्टीत नवी हवा शिरते आणि आग पेटते. चढावर इंजिन जितकं दमतं तितका झोत वाढतो, तितकी भट्टी भडकते. फुंकणी हाती घेणारा कोणी लागत नाही. वाफेच्या इंजिनातली खरी हुशारी मला इथं दिसते, आणि तिची किंमत पाण्यात मोजावी लागते.

ती छकछक म्हणजे हेच झोत, चाकाच्या एका फेऱ्यात चार. मीटरगेजच्या एक्सप्रेस गाड्यांना जोडायच्या वायपी इंजिनाचं चाक साडेचार फुटी; ४२.५ च्या वेगात सेकंदाला अकरा झोत पडतात. म्हणून गाडी सुटताना मोजता येणारा आवाज पुढं सलग घरघर होतो.

भट्टीच्या छतावर पाणी कायम हवं. छत उघडं पडलं तर पत्रा तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून छतात शिशाची गुडदी बसवलेली असते. ती वितळली की वाफ भट्टीत शिरून आग दडपते. फायरमनची नजर त्यामुळं पाणी दाखवणाऱ्या काचेवर. जड पाण्यानं नळ्यांवर क्षार धरायचा आणि ठराविक दिवसांनी बॉयलर धुवायला घ्यावा लागे.

दक्षिण आफ्रिकेनं कारू वाळवंटासाठी १९५३ पासून नव्वद इंजिनं घेतली. त्यांत वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा वापरायचे. झोत गेला म्हणून आग पेटवायला पंखा बसवला, आणि छकछक बंद होऊन शीळ ऐकू येऊ लागली. पाणी बरंच वाचलं; पण धुरातल्या राखेनं पंख्याची पाती झिजत. पुढं जवळपास सगळी साधी करून टाकली.

आपल्याकडे उत्तर डिझेलनं दिलं. चित्तरंजनच्या कारखान्याचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७२ चं, मीटरगेजचंच. नंतर मनमाड-हैदराबाद मार्गही टप्प्याटप्प्यानं रुंद झाला. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यातल्या लातूरला मिरजेहून पाणी गेलं, तेही आगगाडीनं: पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर.