शासकीय विमानप्रवासाची खरेदी

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे व रेल्वेस्थानकामुळे परिचित आहे. विमानाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि येथील टपाल कचेरीसारख्या केंद्रीय कार्यालयातील नोकरास दिल्लीचे बोलावणे आले, तर त्याने रेल्वेने जावे की विमानाने, हे त्याच्या सोयीवर नव्हे, वेतनस्तरावर ठरते. जुलै २०१७ च्या आदेशान्वये स्तर ६ ते १३ मधील नोकरास देशांतर्गत दौऱ्यासाठी विमानाचा साधा वर्ग अनुज्ञेय आहे. स्तर १४ पासून पुढे वरचा वर्ग मिळतो. स्तर ५ व त्याखालील नोकराचा हक्क सामान्यतः रेल्वेपुरताच राहतो.

कोणी जावे हा प्रश्न जितका जुना, तितकाच तिकीट कोणाकडून घ्यावे हाही. १९५३ मध्ये आठ खाजगी विमानकंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ स्थापन झाले. त्यांत डेक्कन एअरवेज ही हैदराबाद संस्थानाची भागीदारी असलेली कंपनी होती, आणि ढोकी तेव्हा हैदराबाद राज्यातच होते. (ढोकीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वेही पुढच्याच वर्षी सरकारने विकत घेतली.) पुढे खाजगी विमानसेवा पुन्हा सुरू झाल्या, तरी जुलै २००९ मध्ये काटकसरीच्या नावाखाली सरकारी खर्चाचा विमानप्रवास एअर इंडियानेच करावा, असा आदेश निघाला. ही काटकसर विचित्र म्हटली पाहिजे. स्वस्त आसन अन्यत्र उपलब्ध असले, तरी पैसा सरकारच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जात होता, आणि तोही पुष्कळदा उधारीवर.

ऑक्टोबर २०२१ मध्ये एअर इंडिया टाटा समूहास विकण्याचा निर्णय झाला आणि या व्यवस्थेचा पायाच गेला. कंपनीने उधारी थांबविली. थकबाकी तात्काळ चुकती करून यापुढे रोखीने तिकिटे घ्यावीत, अशी सूचना अर्थ मंत्रालयाने त्याच महिन्यात सर्व खात्यांना दिली. डिसेंबरअखेर खरेदीचा मार्ग ठरला: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीन सरकारी संस्थांमार्फतच तिकीट घ्यावयाचे. विमान कोणाचेही असो, मध्यस्थ मात्र सरकारचा राहिला.

जून २०२२ च्या आदेशाने खरेदीची वेळही बांधून दिली. तिकीट शक्यतो प्रवासाच्या २१ दिवस आधी, आपल्या वर्गातील सर्वांत कमी भाड्याचे घ्यावे. प्रवासास ७२ तासांहून कमी अवधी असताना घेतल्यास, अथवा २४ तासांच्या आत रद्द केल्यास, नोकराने कारण लेखी द्यावे. यामागील हिशेब उघड आहे. विमानाचे भाडे रेल्वेप्रमाणे अंतरावर स्थिर राहात नाही. आसने भरत जातात तसे ते बहुधा चढते. परंतु बैठकीची तारीख ठरविणारा एक आणि विलंबाचे कारण लिहिणारा दुसरा, ही अडचण त्याने सुटत नाही. आठवड्यापूर्वी पत्र मिळालेला नोकर २१ दिवस कोठून आणणार? दौऱ्याची मंजुरी प्रक्रियेत असतानाच आसन राखून ठेवण्याची मुभा याच आदेशात आहे, ती एवढ्यासाठीच महत्त्वाची. तिचा उपयोग मात्र बोलावणारे कार्यालय दिवस वेळेवर कळवील तेव्हाच होतो.

ढोकीच्या नोकरास आणखी एक टप्पा उरतो. पुणे अथवा हैदराबाद येथील विमानतळापर्यंतचा प्रवास विमानाच्या तिकिटात मोडत नाही. त्याचा खर्च त्यास प्रवासभत्त्याच्या देयकात वेगळा मागावा लागतो.